पूर्व टोकाचा रकाना

आमच्या विमानतळावर हवामानाच्या नोंदी ठेवणाऱ्या गृहस्थांना सगळे ढगकाका म्हणायचे. एकतीस वर्षं नोकरी झालेली, निवृत्तीला आठ महिने उरलेले. मी तिथला उपकरणं दुरुस्त करणारा. आम्हा दोघांना मिळून एक खोली, एक पंखा आणि एक किटली. साधं तापमान विचारलं तरी काका आधी चष्मा पुसायचे, मग आकडा सांगायचे.

धावपट्टीच्या पूर्व टोकाला जमीन सखल आहे. धुकं आधी तिथे उतरतं आणि शेवटी तिथून उठतं. किती मीटरपर्यंतचं दिसतं ते मोजणारं एक यंत्र तिथे उभं आहे. दोन वर्षांपूर्वी खोदकामात त्याचा आकडा आमच्या खोलीपर्यंत आणणारी तार तुटली. मी अर्ज केला, आठवण केली, पुन्हा अर्ज केला. वरचे ढिम्म हलले नाहीत. तेव्हापासून आकडा बघायला काकांनी दर तासाला सायकलवरून दोन किलोमीटर जायचं आणि दोन यायचं. तेही सत्तावन्नाव्या वर्षी, गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला असताना.

पाचेक महिने बिचारे गेले. मग आमच्या खिडकीसमोर, पश्चिम टोकाला असंच दुसरं यंत्र आहे, त्याचाच आकडा त्यांनी वहीतल्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही रकान्यांत लिहायला सुरुवात केली. कधी पाचपन्नास मीटर इकडेतिकडे, एवढंच. मला कळलं, कारण तिकडे ज्या झाकणाआड आकडा दिसतो, त्याचं कुलूप गंजून घट्ट बसलं होतं. मी त्यात तेल घातलं आणि मूग गिळून गप्प बसलो. नशीब, त्या काळात काही विपरीत घडलं नाही.

मग मुख्य कार्यालयातून इंजिनिअर बाई आल्या. सुटी सुटी अकरा यंत्रं काढून पाच नवी बसवायची आणि सगळी एका संगणकाला जोडायची, असं ठरलेलं. कुठली जागा ठेवायची ते गेल्या दोन वर्षांच्या नोंदींवरून ठरणार होतं. बाई हुशार, वागायला साध्या. काकांच्या एकतीस वर्षांच्या वह्या त्यांनी माणसं बसवून संगणकात भरून घेतल्या.

"काका, अक्षर काय सुरेख आहे तुमचं! आणि हे बघा, दोन्ही टोकांचे आकडे जवळजवळ सारखेच. पूर्वेचं यंत्र काढून टाकू. इथे सही करा."

काकांचा चेहरा उतरला. "उद्या करतो," म्हणाले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काका, आठ महिने राहिलेत. तिकडे धुकं जास्त असतं, यंत्र ठेवा, असं मीच सांगतो त्यांना."

"आकड्यांपुढे तुझं कोण ऐकणार? आणि आकडे माझे आहेत." ते पायरीवर बसले. "दमलो होतो रे. आज नको, उद्या जाऊ, असं करत करत गेलोच नाही."

मला त्यांचा राग आला, आणि माझा त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. उभं राहूनच.

"किती दिवस चाललं हे?" बाईंनी विचारलं.

"एकोणीस महिने."

"आणि त्याआधीचं?"

"सगळं खरं आहे. एकूण एक."

"मला कसं कळणार, काका?" बाईंचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

पूर्वेची जागा राहिली. महिन्याभरात नवी तारही पडली. काकांना समज देणारं पत्र मिळालं, निवृत्ती शाबूत राहिली. मात्र हाताने लिहिलेली एकही नोंद नव्या यंत्रणेत घ्यायची नाही, असा वरून आदेश आला. भरलेलं सगळं पुसलं गेलं.

नवी यंत्रणा सुरू झाली त्या सकाळी धुकं होतं. पडद्यावर खिडकीसमोर बाराशे मीटर, पूर्वेला साडेतीनशे.

"वाचली बघा पूर्वेची जागा," मी म्हणालो.

"हो." काका पडद्याकडे बघत राहिले. "माझ्या वह्यांचं काय करणार आहेत?"

"सोमवारी रद्दीवाला येतोय."

त्यांनी मान हलवली.

"एकोणतीस वर्षं मी खरंच बघून लिहीत होतो रे," ते म्हणाले.