मोठा छर्रा

टेक्सासमधल्या शुगर लँडच्या आमच्या घरामागे बाबांनी त्यांच्या पहिल्या फेरीत अंजिराचं रोप लावलं होतं. त्यांचं आयुष्य सासवडकडच्या अंजिराच्या बागेत गेलेलं, मुलीकडे येऊन नुसतं टीव्हीसमोर बसणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात ते पुन्हा आले, तेव्हा झाड फळांनी लगडलं होतं. आई गेल्यानंतरची ही त्यांची पहिलीच फेरी, आणि पुढची होईल याची मला खात्री वाटत नव्हती. परत जाण्याआधी त्यांनी या झाडाचं एक तरी पिकलेलं अंजीर खावं, एवढीच माझी इच्छा होती.

खारींची इच्छा वेगळी होती. टेक्सासची खार म्हणजे मांजराच्या पिल्लाएवढी, तांबूस पोटाची. फळ पिकायला आलं की हजर. एक चावा घ्यायची आणि टाकून द्यायची. खाल्लं असतं तर मी एवढी चिडले नसते. टाकलेलं बघितलं की माझं डोकं फिरायचं.

"बंदूक आणू या," मी नवऱ्याला म्हटलं. "छऱ्याची."

"अगं, खारीच्या पाठीवर रामाची बोटं असतात."

"हिच्या पाठीवर एक तरी पट्टा दिसतोय का? राम इथवर आलेलाच नाही."

मग त्याने रिसर्च सुरू केला. आमच्याकडे टोस्टरसुद्धा रिसर्च केल्याशिवाय येत नाही. आधी नियमांची चौकशी झाली. घर गावाच्या हद्दीबाहेर, मागे पूर अडवायचा उंच मातीचा बांध, त्यामुळे हरकत नव्हती. मग कॅलिबर, म्हणजे छऱ्याची जाडी. वन सेव्हन सेव्हन की टू टू? रोज जेवताना हेच. वन सेव्हन सेव्हनचा लहान छर्रा वेगाने आणि सरळ जातो, टू टूचा मोठा वाटेत जरा खाली येतो पण जोरात लागतो. बसल्या जागी कॅलिबर ठरेपर्यंत अंजिरं संपणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"लहानच घे," मी शेवटी म्हटलं. "मारायचं तर आहेच, निदान तिला कमी तरी लागेल."

बाबा दोन्ही हातांनी पेला धरून ताक पीत होते. त्यांनी तो खाली ठेवला.

"कमी लागलं की मरत नाही," ते म्हणाले. "बागेत घुशी मारायचो, तेव्हा लहान छऱ्याने एक घूस अर्धमेली होऊन बिळात शिरली. आतून तिचा आवाज येत राहिला. तुझी आई त्या दिवशी जेवली नाही. मारायचं तर एका छऱ्यात. टू टू घ्या, जावईबापू."

विषय संपला. बंदूक आली.

बाबांचा नियम होता: आधी कागद, मग जनावर. नवरा ऑफिसला गेल्यावर त्यांनी कॉर्नफ्लेक्सच्या रिकाम्या खोक्यावर रुपयाएवढं वर्तुळ काढलं, खोकं बांधाला टेकवलं आणि खुर्चीत बसून नेम धरला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. ते छर्रा झाडायचे, उठून खोकं बघून यायचे, पुन्हा छर्रा भरायचे. बऱ्याच वेळाने मी पाणी घेऊन बाहेर गेले. वर्तुळ कोरं होतं. खोक्याच्या एका कोपऱ्यात एक भोक होतं, बाकीचे छर्रे मातीत.

मला बघून त्यांनी उजवा हात खिशात घातला. पण तो खिशातही हलत होता. ताकाचा पेला दोन हातांनी का, ते मला तेव्हा कळलं.

"बाबा, कधीपासून?"

"तुझी आई होती तेव्हापासून. तिला ठाऊक होतं."

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू धावत आली असतीस." मग बंदुकीकडे बघत म्हणाले, "वाटलं होतं, मोठा छर्रा थोडी चूक पोटात घालेल. तसं नसतं. लहान काय नि मोठा काय, लागायचा तिथेच लागावा लागतो. या हाताने मी खार मारणार नाही."

मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. दोन्ही एकदमच आलं.

बंदूक खोक्यात घालून नवऱ्याने दुकानात परत केली. त्याला किंवा मला नेम धरायला बाबांनी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. संध्याकाळी माझ्या दोन जुन्या शिफॉन साड्या आम्ही झाडाला गुंडाळल्या आणि बाबांनी सांगितलं तसं पिनांनी पक्क्या केल्या. "हळदीकुंकवाला कोण आलंय?" नवऱ्याने विचारलं. खारी बांधावर बसून बघत राहिल्या.

बाबा निघायच्या आठवड्यात साडीच्या आत एक अंजीर पिकलं. त्यांनी ते स्वतः तोडलं आणि स्वतः फोडलं. रस मनगटावरून ओघळला. "सासवडच्यापेक्षा जरा कमीच गोड," अर्धं खाऊन झाल्यावर ते म्हणाले. उरलेलं अर्धं माझ्यापुढे धरलं, तेव्हा हात चांगलाच थरथरत होता. या वेळी त्यांनी तो लपवला नाही. मी तळहात पुढे केला, तसा त्यांनी अंजिरासकट आपला हात माझ्या हातावर टेकवला, आणि थरथर थांबेपर्यंत तिथेच राहू दिला.