सासूबाई चित्रात फिरायला जायच्या

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या ग्वाल्हेरात गल्लीगल्लीला एखादी कथा चिकटलेली असते आणि त्या ऐकताना मला जांभया येतात. हे लिहितेय ते कुणाला पटवायला नाही... पटवण्याइतकी ताकदच उरलेली नाही. एकदा कुठेतरी मांडून मोकळं व्हावं, इतकंच.

मी इलस्ट्रेटर आहे. लहान मुलांची पुस्तकं, मासिकं, कधी कॅलेंडर — मिळेल ते काम करते. माझी चित्रं स्वप्नातल्यासारखी असतात असं लोक म्हणतात, पण विषय सगळे घरातलेच. घासून उपड्या घातलेल्या भांड्यांचं शहर. दोरीवर वाळणाऱ्या साड्यांचा धबधबा. दिवसभर जे दिसतं तेच डोक्यात येतं, दुसरं काय येणार?

शिंदे की छावनीत दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. माझा नवरा विनय औषधांच्या कंपनीत आहे, सारखा मुरैना नाहीतर शिवपुरीच्या दौऱ्यावर असतो. घरी मी आणि सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. काचबिंदूने त्यांची नजर गेली आहे. खिडकी कुठे आणि भिंत कुठे, एवढंच कळतं. त्यांना रात्री झोप नसायची, म्हणून मलाही नसायची. दुपारी जेवण झालं की कूलरसमोर त्यांचा डोळा लागायचा, आणि तेवढ्यात मी पलीकडच्या खोलीत दार लोटून टॅबवर काम उरकायचे.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी चहा घेऊन गेले, तर आई पलंगावर बसून पोटऱ्या दाबत होत्या.

"फार चढले गं आज," म्हणाल्या.

"कुठे चढलात?"

"डोंगर होता. गुळगुळीत, भांड्यासारखा. हात लावला तर गरम. आणि वरून वाफ... सगळे ढग तिथूनच बनून राहिले होते."

मी कप खाली ठेवला. थोड्या वेळापूर्वीच माझा प्रेशर कुकरचा डोंगर काढून झाला होता, शिट्टीतून ढग निघणारा. ते चित्र अजून कुणीच पाहिलं नव्हतं. आणि आई तर पाहूच शकत नव्हत्या.

विनयला फोनवर सांगितलं तर तो हसला. "अगं, काम करताना तू बडबडतेस. आईचे कान तेज आहेत. और कुछ नहीं."

पटलं मला. म्हणून दुसऱ्या दिवशी तोंड घट्ट मिटून बसले आणि हातातलं काम सोडून भलतंच काहीतरी काढलं — पाण्याऐवजी कणीक वाहणारी नदी. चहाच्या वेळी मी मुद्दाम काही विचारलं नाही. आईंनीच तळवे एकमेकांवर झटकले, पीठ झटकतो तसे.

"नदी कसली, नुसतं पीठ," म्हणाल्या. "पाय रुततात. आणि बसायला कुठे जागाच नाही गं तिथे. एखादा दगड तरी असता."

भीती वाटली का? खरं सांगू, घाबरायलाही अंगात जोर लागतो. मी परत खोलीत गेले आणि नदीकाठी एक दगड काढला. चांगला मोठा, पाठ टेकता येईल असा.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाल्या, "आज बसले जरा." आणि त्या रात्री त्या झोपल्या. किती महिन्यांनी मीही झोपले!

मग मी प्रश्नच विचारायचे सोडून दिले. चित्रात त्यांना झेपेल एवढाच चढ ठेवायचा, सावली ठेवायची, वाटेत पाण्याचा मटका ठेवायचा. आई ताज्यातवान्या होऊन उठायच्या. विनयला हे सगळं सांगत बसले नाही. घर नीट चाललं होतं, पुरे झालं.

मग समुद्राच्या एका गोष्टीचं काम आलं. दोन पानी चित्र. संपादिकेला किनारा नको होता, नाव नको होती — नुसतं पाणी. मी टाळत राहिले. शेवटी तिचा फोन आला, "आज मिल जाएगा ना, मॅम?"

मी ठरवलं, आई जाग्या असतानाच काढायचं. सकाळी त्यांना अंघोळ घातली, रेडिओ लावून दिला, दोनदा हाक मारून बघितलं. "जागी आहे गं," म्हणाल्या. तेव्हा कुठे मी बसले. निळ्या चादरींच्या लाटा काढत होते. दोन्ही पानं भरून पाणी झालं आणि बाहेरून खोकला ऐकू आला.

धावले. रेडिओ चालूच होता, तो ऐकता ऐकता त्यांचा डोळा लागला असावा. आई खुर्चीत वाकून धापा टाकत होत्या, हात वर कशाला तरी पकडू पाहत होते.

"मुक्ता... खाली जमीन नाही!"

शेजारच्यांनी गाडी काढली. फूलबागेजवळच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. डॉक्टर म्हणाले, "फेफड़ों में पानी भर गया है. दिल कमज़ोर है, इस उम्र में होता है."

मी मान डोलावली. पण मास्क लावल्यावरही आईंचे हात हवेत चाचपडतच होते. टॅब माझ्याजवळच होता, घाईत पर्समध्ये कोंबलेला. तिथेच स्टुलावर बसून मी तेच चित्र उघडलं आणि पाण्यावर जमीन काढायला लागले. काही सुचेना, म्हणून आमच्या स्वयंपाकघरातली फरशी काढली, चौकोनाला चौकोन जोडत.

हळूहळू आईंचे हात खाली आले. धाप थांबली.

इंजेक्शनचाच गुण असेल. असेलच. मी डॉक्टरांशी वाद घालणारी कोण?

ते काम गेलं. संपादिकेला समुद्रात फरशी नको होती, आणि ती पुसायला मी तयार नव्हते. आई घरी आल्या, गोळ्या सुरू झाल्या, आणि दुपारचं फिरणंही बंद झालं. आता त्या गाढ झोपतात, उठून काही सांगत नाहीत. मी जे वाटेल ते काढते.

परवा त्यांच्या डोक्याला तेल लावत होते. मनातलं एकदम तोंडून निघून गेलं. "आई, तिथे एकटीने भीती नाही वाटायची?"

"एकटी कुठे? तू होतीस की."

मी माझ्या देखाव्यांत माणसं काढत नाही. एकातही नाही.

"मी?"

"पुढे पुढे चालायचीस. पाठच दिसायची तुझी. हाका मारल्या तरी वळायची नाहीस." त्यांनी हात मागे नेला, चाचपत माझं मनगट धरलं. "किती थकली आहेस गं तू. घरात मला कळलंच नाही कधी."

तेलाची वाटी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी आडवी झाले. त्या केसांतून हात फिरवत राहिल्या. दिवेलागणीपर्यंत झोपले, स्वयंपाकाला उशीर झाला, कुणी काही म्हणालं नाही.

कुकरचा डोंगर त्यांनी ऐकला असेल, पाणी फुप्फुसात भरलं असेल — सगळ्याला काही ना काही उत्तर मिळतं. पण मी स्वतः तिथे कशी पोचले, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. शोधायचं त्राणही नाही.