रंगरावांच्या दोन बुरश्या

"लाकडाला चुना कोणी फासला?" भिंतीपलीकडून माझा पुतण्या अर्जुन ओरडला, तेव्हा मी दोरीवर धुणं टाकत होते. तळवड्यात आमच्या शेताच्या जागी त्यानं लाकडाची वखार घातली आहे. चाकणच्या कंपन्या ज्यावर माल ठेवून पाठवतात, ते पॅलेट तिथं ठोकतात.

"चुना न्हाई मालक, बुरशी आहे," रंगरावांचा आवाज आला. "अन् एक न्हाई, दोन आहेत."

"दोन असू दे न्हाईतर दोनशे! कंपनी काय बुरशी मोजून घेती व्हय? टाका बाजूला!"

"बाजूलाच टाकतोय. पण वेगवेगळी टाकतोय."

ओल्या लुगड्याचं पाणी पायावर गळत होतं, तरी मी हलले नाही. हे भांडण सोळा वर्षांपूर्वीचं. तेव्हापासून दोघांनीही ते खाली ठेवलं नाही.

रंगराव उदगीरकडचे, आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचे. वखारीत काम लाकूड निवडायचं. बरं ते पॅलेटला, उरलेलं जळणाला. रंग ओघळून वाळावा तसा पांढरा पापुद्रा ज्यावर धरलेला, ते निराळं. रोज सकाळी माझ्या बंबाला एक मोळी आणून द्यायचे. ठेवताना पुन्हा चाचपायचे. पापुद्र्याचं एखादं चुकून आलं असलं तर काढून घ्यायचे. "धूर करतंय, मावशी."

वखारीतले कामगार त्यांना 'डबल बुरशी' म्हणायचे. आणि रंगराव ओ द्यायचे.

मग माझी नात अपेक्षा कॉलेजात बुरशीच शिकायला लागली. हे ऐकून अर्जुनला जेवताना ठसका लागला. रंगरावांनी मात्र तिला वखारीमागच्या आंब्याच्या ओंडक्यापाशी नेलं; मीही मागोमाग गेले. दोन्ही पापुद्रे तिथं शेजारी शेजारी होते. भिंग लावून ती म्हणाली, "काका, एकच वाटते."

"डोळ्यानं न्हाई ताई, बोटानं बघा. ही सायीवानी. ही मांजराच्या जिभेवानी."

"एकच बुरशी म्हातारी झाली की खरखरीत होते, काका."

"म्हातारं झाल्यावर माणूस दुसरंच होतंय का?"

अपेक्षानं माझ्याकडं बघितलं. मी ओंडक्याकडं बघितलं.

शेवटी ठरलं की शनिवारी तिच्या मॅडम येतील, नमुना नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. रंगराव म्हणाले, "मॅडम एक म्हणाल्या तर मी पुन्हा दोन म्हणायचो न्हाई. मालकाला सांगा तसं." या माणसाकडं स्वतःचं म्हणावं असं तेवढं एकच वाक्य होतं.

कॉलेजच्या मॅडम येणार म्हटल्यावर अर्जुनच्या अंगात आलं. वखार झाडून घेतली. ओंडका तारेच्या ब्रशनं घासून घेतला, त्याला चुना दिला, वर गेरूचा पट्टा ओढला. झेंडावंदनाला झाडांना देतात तसा.

मॅडम ओंडक्यापुढं उभ्या राहिल्या. "बुरशी कुठंय?"

"एक ठिपका ठेवला न्हाई, मॅडम!" अर्जुन म्हणाला.

लाकडाला खरोखर चुना फासला होता, आणि सोळा वर्षांत पहिल्यांदाच त्यावरून कोणी भांडलं नाही.

रंगराव गुपचूप खोलीत गेले आणि वर्तमानपत्रात बांधलेल्या दोन पुड्या घेऊन आले. एकीच्या दोऱ्याला एक गाठ, दुसरीच्या दोन. "पाहुणे येणार म्हटल्यावर मालक काय करतील, ठाऊक होतं मला," एवढंच म्हणाले.

चार महिने गेले. मग एका संध्याकाळी अपेक्षाचा फोन आला. सूक्ष्मदर्शकाखाली एकीचं बी मोहरीसारखं गोल, दुसरीचं शेवईच्या तुकड्यासारखं वाकडं. दोन तर आहेतच, वर साधी भावकीसुद्धा नाही एकमेकींत. नावं मात्र दोघींचीही फार पूर्वीच कुणी ठेवून झालेली, रंगरावांसाठी काही उरलेलं नाही. कॉलेजात नमुन्यांच्या डबीवर लिहिलंय, सापडल्याचं ठिकाण: अर्जुनरावांची वखार. त्या डबीचा फोटो अर्जुननं ऑफिसात फ्रेम करून लावलाय. येईल त्याला सांगतो, "एक न्हाई, दोन हायेत."

रंगरावांनी ती फ्रेम पाहिली नाही. फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, लाकडाच्या थप्पीला टेकून बसले होते, तसेच गेले. पण त्या सकाळी मोळी घेऊन आले होते, रोजच्याच वेळी.

"रंगराव, दोनच निघाल्या हो," मी म्हणाले.

"हां." त्यांनी मोळी बंबापाशी टेकवली. वाकून चाचपली. मधला एक तुकडा अंगठ्यानं घासून पाहिला आणि उपसला.

"कुठली?" मी विचारलं.

"मांजराची," म्हणाले, आणि तुकडा काखेत मारून वखारीकडं चालू लागले.