विल्फ्रिदाची बसकी गाडी

इताउगुआ गावात लग्न असो की पोरीचा पंधरावा वाढदिवस, चर्चच्या दारात विल्फ्रिदा ओखेदाची काळी सेडान उभी राहिली नाही तर यजमानाला चारचौघांत मान वर करता येत नसे. वीस वर्षं सुईने न्यांदुती नावाची लेसची जाळी विणून, डोळ्यांवर जाड भिंगं चढवून घेऊन बाईने ती गाडी घेतली होती. गाडी जपानी, चिलीच्या बंदरातून आलेली. म्हणजे उजवीकडचं स्टिअरिंग इथे आणून डावीकडे बसवलेलं. गल्लीतल्या निम्म्या गाड्या अशाच, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

लाजण्यासारखं सुरू झालं ते मार्चमध्ये. संध्याकाळी ताठ उभी असलेली गाडी सकाळी मागच्या डाव्या चाकावर बसलेली दिसायची, दुखऱ्या कमरेची म्हातारी बाकावर टेकावी तशी. असल्या श्रीमंती गाडीला साध्या स्प्रिंगा नसतात, हवेचे फुगे असतात, आणि त्यांत हवा भरायला कॉम्प्रेसर. ट्रांकिलीनो कासेरेस नावाच्या मेकॅनिकने आधी व्हॉल्व बदलला, चौदा लाख गुआरानी घेतले. गाडी पुन्हा बसली. मग कॉम्प्रेसर जळाला, एकतीस लाख. गाडी तरीही बसली. मधल्या मध्ये खिडकीची मोटर गेली, रेडिएटर गळला, एसी गरम फुंकर मारू लागला. दर खेपेला ट्रांकिलीनो हात पुसत म्हणायचा, जुनी गाडी आहे पात्रोना, मालकीणबाई, हिला आता डॉक्टर लागतो.

विल्फ्रिदाला यात पाणी मुरतंय असं वाटू लागलं. गरीब बाईने मोठी गाडी ठेवली की प्रत्येक पानेवाल्याला तिच्यात दुभती गाय दिसते, हे ती बाजारात उघड बोलून दाखवायची. ती गॅरेजात दिवसभर खुर्ची टाकून बसू लागली. तेरेरे, म्हणजे एकाच पेल्यातून सगळ्यांनी प्यायचा पाल्याचा गार काढा, तो पेल्यासकट ती घरून आणायची. त्याने पुढे केलेला पेला तिने एकदाही तोंडाला लावला नाही, आणि आमच्यात तो नाकारणं म्हणजे तुझ्यावर विश्वास नाही म्हणणं, हे त्यालाही कळत होतं. काढलेले जुने भाग ती पिशवीत भरून घरी न्यायची. नव्या कॉम्प्रेसरवर तर तिने, तो जेवायला गेला असताना, लाल नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवला. बदलून हलका माल बसवला तर पकडता यावा म्हणून.

आता मात्र हातात आठच दिवस होते. पुढच्या शनिवारी तिच्या लेकीचं, निमियाचं लग्न. गावच्या सगळ्या नवऱ्या जिच्या गाडीतून गेल्या, तिची स्वतःची लेक बसने चर्चला जाणार की काय, या विचाराने बाईला झोप लागेना. तिने गाडी गॅरेजात लावली आणि ट्रांकिलीनोला सरळ विचारलं की माझ्या गाडीतले चांगले भाग काढून तू कुणाला विकतोस.

तो चिडला नाही. त्याने वाकून कॉम्प्रेसरवर बॅटरीचा उजेड टाकला.

"ही नखं कुणाची रंगवलीत, पात्रोना?"

ठिपका जिथल्या तिथे होता. विल्फ्रिदाने मान फिरवली, पण खुर्ची हलवली नाही. तेव्हा तो म्हणाला, "बसून काय पहारा देता? गाडीखालच्या खड्ड्यात उतरा. स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

साठीच्या उंबरठ्यावरची बाई घागरा सावरत खड्ड्यात उतरली. त्याने मागच्या फुग्यांवर साबणाचं पाणी ओतलं. डाव्या फुग्याच्या घडीतून बुडबुडे फुटू लागले. हे आधीच का नाही पाहिलंस, असं तिने दरडावलं. त्यावर त्याने कबूल केलं की चुकलंच, फुगा नवा दिसला म्हणून तो व्हॉल्वच्या मागे लागला. काळ्या रंगाचा हात मारून तो नवा दिसेल असा केला होता. त्याने चिंधीला थिनर लावून रबराच्या वरचा पत्रा घासला. काळा रंग निघाला आणि खालून हिरवा आकडा वर आला: ४१७.

विल्फ्रिदाने त्या आकड्यावरून बोट फिरवलं. असे हिरवे आकडे तिने एकाच ठिकाणी पाहिले होते, क्रेसेन्सिओच्या भंगाराच्या वाड्यात. सहा वर्षांपूर्वी गाडीचं स्टिअरिंग उजवीकडून डावीकडे त्यानेच बसवलं होतं. दोन दिवसांचं काम, गाडी तीन आठवडे ठेवली होती, आणि वाड्यातल्या प्रत्येक भागावरचे ते नीट आकडे बघून तिने त्याच्या टापटिपीचं कौतुकही केलं होतं. क्रेसेन्सिओ निमियाचा धर्मपिता. म्हणजे विल्फ्रिदाचा कोंपाद्रे, मानलेला भाऊच. नवरा वारलेला, म्हणून शनिवारी निमियाचा हात धरून तिला वेदीपर्यंत नेणार होता तोच. काखेत कळसा आणि गावाला वळसा. परक्याच्या कामावर ठिपके देत बसलेल्या बाईने कोंपाद्रेकडे साधी पावतीसुद्धा मागितली नव्हती. घरच्या माणसाला पावती मागायची नसते हा नियम कुणी केला कोण जाणे, पण फायदा कुणाचा होतो ते स्पष्ट आहे.

ट्रांकिलीनोने भाव सांगितला: नवे फुगे नव्वद लाख, नाहीतर चारी चाकांना साध्या स्प्रिंगा, बावीस लाख, पण गाडी पूर्वीसारखी तरंगणार नाही. स्प्रिंगा घाल, असं सांगून ती निघाली ती थेट क्रेसेन्सिओच्या वाड्यावर.

तो नाकारेल, अशी तिची खात्री होती. त्याने नाकारलं नाही. टोपी हातात फिरवत म्हणाला, "त्या वर्षी हात आखडला होता, कोमाद्रे, म्हणून तुझे फुगे विकून भंगारातले बसवले. आज सांगू, उद्या सांगू करता करता राहून गेलं."

"सहा वर्षं उद्या येतच राहिली होय रे?"

तो टोपी डोक्यावर घालून कामाला लागला.

मग बाईला त्याच्या प्रत्येक गोष्टीचा संशय येऊ लागला. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याने निमियाला दिलेला चांदीचा चमचा तिने लुके गावच्या सोनाराकडे नेला. तो कथिलाचा निघावा, एवढीच तिची इच्छा होती. मग माणूस एकदाचा निकालात निघाला असता. सोनाराने चमचा दगडावर घासला, तेजाबाचा थेंब टाकला आणि म्हणाला, अस्सल आहे, विकायचा का? त्या उत्तराने तिला हिरव्या आकड्याहून जास्त त्रास झाला.

शनिवारी गाडी ताठ उभी राहिली. खड्ड्याखड्ड्याला आपटत विल्फ्रिदाने ती स्वतः चालवत चर्चपर्यंत नेली. दारात क्रेसेन्सिओ इस्त्रीचा कोट घालून उभा होता. निमियाने त्याला पाहून हात पुढे केला. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

विल्फ्रिदा दोघांच्या मध्ये शिरली.

"कोंपाद्रे, तू मागे बस," ती म्हणाली आणि लेकीचा हात स्वतःच्या दंडात अडकवून आत चालू लागली.