दुसरी टोपली

सरकार बदललं आणि आमच्या तुरुंगात हुकूम आला, जात बघून कुणालाच काम द्यायचं नाही. मी पाचवीतच शाळा सोडलेला कैदी, घर पार गोंदियाकडं, भेटायला येणारं कुणी नाही. आल्यापासून संडास धुण्याचंच काम माझ्याकडं. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही बौद्ध, सांगायची गरजच पडली नसावी.

हुकूम आला तसं पहाऱ्यावरच्या जमादारांनी मला स्वयंपाकघरात नेलं. आनंदापेक्षा धास्तीच जास्त. जेवणावरून बोंब झाली तर परत झाडू हातात येणार.

बोंब झालीच. त्याच्या हातची चपाती नको, असं दोन बराकींनी कळवलं. जमादार वाईट माणूस नव्हते. त्यांनी तोड काढली, माझ्या चपात्या वेगळ्या टोपलीत. म्हणाले, "हुकूमबी पाळला, भांडणबी नाय. ज्याला चालतंय त्यानं घ्यावं."

संडास धुताना माझ्याकडं कुणी बघत नसे. आता अख्खी रांग बघत होती आणि टोपली भरलेली तशीच. जरा रिकामी दिसावी म्हणून त्यातल्या दोन मीच खाल्ल्या.

तेवढ्यात पहिली टोपली संपली. पाचोडकडचा एक म्हातारा शेतकरी, बोंब मारण्यात सगळ्यांच्या पुढं असलेला, ताट घेऊन उभा.

"संपल्या? मग ह्या काय पूजेला ठेवल्यात?"

"काका, त्या माझ्या हातच्या आहेत."

"म्हाईत हाय रं. भुकेल्याला काय सांगतो?" त्यानं तीन उचलल्या, उभ्यानंच घास तोडला. "मीठ टाकायला सरकारला इचारावं लागतं व्हय? लई आळणी!"

मागचे हसले. आणखी काहींनी टोपलीत हात घातला. त्या म्हाताऱ्याचे पाय धरावेसे वाटले मला.

सकाळी मी कणीक मळत होतो. जमादार आले. "चल, संडासाकडं."

"साहेब, काल खाल्लं की लोकांनी."

"खाल्लं, आन् त्याच्यावरूनच बराकीत जुंपली. म्हाताऱ्याला मारलं, दुसरीकडं हलवलाय. तू घाबरू नको. वर कळवलंय, तू स्वयंपाकघरातच हायेस. शिक्षेतली माफीबी त्याच कामाची भेटंल."

माफीचं ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. हाताची कणीक धुतली आणि गेलो.

दुपारी नव्या बराकीच्या गजांमागं म्हातारा दिसला. ओठ सुजलेला. माझ्या हातातला झाडू त्याला स्पष्ट दिसत होता.

"काय रं, काढलं तुला?"

जमादार शेजारीच उभे होते.

"नाय काका," मी म्हणालो. "मी स्वयंपाकघरातच आहे."