शीळफाट्याची राणी

लेखात माझ्याबद्दल एकच ओळ होती. 'या कामी ठाकुर्लीच्या एका स्थानिक ताईंची मदत झाली.' रविवारच्या पुरवणीत अर्धं पान आलेलं, मुंग्यांच्या उड्डाणांवर. लिहिणारा घोडबंदर रोडला राहणारा, आयटीत नोकरी करणारा तिशीतला तरुण. निरीक्षणं सगळी माझ्या वहीतली. वाक्यंसुद्धा.

मी डोंबिवलीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा परिचर आहे. बाटल्या धुणं, सूक्ष्मदर्शक पुसून कपाटात ठेवणं, हे माझं काम. ते पुसता पुसता त्यातून बघायची सवय लागली आणि बघता बघता मुंग्यांचा नाद लागला. वर्षातल्या मोजक्या संध्याकाळी, पाऊस पडून गेल्यावर, वारा पडलेला असताना, वारुळातून पंखवाल्या राण्या आणि नर बाहेर पडतात. हवेतच त्यांचं मिलन होतं. नर लवकरच मरतात. राणी खाली उतरते, स्वतःचे पंख स्वतःच मोडून टाकते आणि बीळ शोधत फिरते. ती सापडण्याची वेळ तेवढीच. अकरा वर्षं मी अशा संध्याकाळी वहीत लिहून ठेवत होते: पाऊस किती वाजता थांबला, कुठल्या दिव्याखाली काय आलं, कुठली राणी कुठल्या जातीची.

तो मला मुंग्या पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भेटला. त्याने पहिल्यांदा पाठवलेला फोटो वाळवीचा होता. मी त्याला समजावलं, की वाळवीचे चारही पंख सारखे असतात आणि तिला कंबर नसते. मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि कंबर बारीक. मग तो रविवारी घरी यायला लागला. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून घावन खायचा आणि भिंगातून राण्या ओळखायला शिकायचा. वहीच्या पानांचे फोटो त्याने माझ्यासमोरच काढले. मीच म्हटलेलं, काढ.

लेख माझ्या नवऱ्याने मोठ्याने वाचला. त्या ओळीपाशी थांबला आणि म्हणाला, फोन कर त्याला. मी केला नाही. फोन केला असता तर तो गोड आवाजात सॉरी म्हणाला असता आणि मला 'असू दे' म्हणावं लागलं असतं. मला असू द्यायचं नव्हतं.

भाद्रपदात दोन दिवस पाऊस कोसळला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी उघडला. हवा दमट, पान हलत नव्हतं. त्याचा मेसेज आला, ताई, आज येतील ना? मी लिहिलं, शीळफाट्याला ये, सहा वाजता. लेखाबद्दल तो काही बोलला नाही, मीही नाही. फाट्यापासून थोडं आत, टेकडी कापून ठेवलीय तिथे एका गोदामाचा दिवा आहे. तिन्हीसांजेला त्याच्या भिंतीवर पंखच पंख झाले. मुंगळ्यांच्या राण्या होत्या, नर होते, आणि मुंगळ्यांच्या गर्दीत चार राण्या वेगळ्या होत्या. तितक्याच काळ्या, जवळजवळ तितक्याच मोठ्या. पण त्यांच्या पोटावर पुढच्या बाजूला दोरा आवळल्यासारखी खाच होती, आणि मागे नांगी. या शिकारी मुंग्या. तीन मी उचलल्या. चौथी त्याने पकडली, काचेच्या टेस्टट्यूबमध्ये घेतली आणि माझ्यासमोर धरली.

"मुंगळ्याचीच ना, ताई?"

त्याचा लेख वाचल्यापासून मी अशाच कुठल्यातरी क्षणाची वाट बघत होते, हे मला तेव्हा कळलं.

"हो," मी म्हटलं.

आता यात फरक काय, तर जिवाचा. मुंगळ्याची राणी स्वतःला कोंडून घेते आणि पहिली पिल्लं कामाला लागेपर्यंत काहीही खात नाही. तिला पाणी द्यायचं, अंधारात ठेवायचं, महिनाभर हात लावायचा नाही. हे त्याला मीच शिकवलेलं. शिकारी मुंगीची राणी मात्र बिळातून बाहेर पडून शिकार करते. तिला कोंडून ठेवलं आणि खायला दिलं नाही, तर ती आपली अंडी खाते आणि मग मरते.

माझ्या तिघींना मी दर तीन दिवसांनी वाळवी घालत होते. त्याच्या एकीचं काय होतंय ते मला न बघता दिसत होतं. तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. अंडी कमी झाल्यासारखी वाटतायत, म्हणाला, एकदा उघडून बघू का? तेव्हा सांगता आलं असतं. एक झुरळाचं पिल्लू टाक, एवढंच सांगायचं होतं. मी म्हटलं, अंधारात ठेव, सारखा बघत जाऊ नकोस. फोन ठेवला आणि कुकर लावला. बरं वाटलं.

त्याच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी सकाळी कार्यक्रम होता. पन्नाससाठ माणसं, पडद्याला जोडलेला कॅमेरा, माईक. लेखामुळेच त्याला बोलावलेलं. मला त्याने आग्रहाने बोलावलं आणि दुसऱ्या रांगेत बसवलं. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये बस तासभर अडकलेली, तरी मी वेळेत पोचलेले. राणी पकडून पाच आठवडे झालेले. सगळ्यांसमोर ट्यूबवरचा काळा कागद काढायचा आणि राणीची पहिली पिल्लं दाखवायची, असं त्याने ठरवलेलं.

कागद काढला. पडद्यावर राणी भलीमोठी दिसली. पाठीवर पडलेली, पाय पोटाशी घेतलेले. अंडं एकही नव्हतं. तो माईकवर म्हणाला, की कधीकधी असं होतं, काही राण्या जगत नाहीत.

मी उठले आणि पुढे गेले. ट्यूब थोडी फिरवायला सांगितली. पडद्यावर ती खाच आली, शेवटाला नांगी आली. माईक नव्हता, पण प्रॅक्टिकलच्या गोंगाटात मागच्या टेबलापर्यंत आवाज पोचवायची मला सवय आहे. मी सांगितलं, ही मुंगळ्याची राणी नाही, शिकारी मुंगीची आहे. हिला खायला घालावं लागतं. ही उपाशी मेली.

कुणीतरी च्च केलं. तो पडद्याकडे बघत राहिला. मग माईक खाली धरून, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "ताई, शीळफाट्यावर मी तुम्हाला विचारलेलं."

"विचारलेलंस. मी हो म्हटलेलं."

त्याला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचा चेहरा मी नीट बघून घेतला. त्यासाठीच आलेले.

"वही कुणाची, ते सांग आता," मी म्हटलं.

त्याने सांगितलं. माईक वर उचलला, माझं नाव घेतलं, आडनावासकट, आणि लेखातली सगळी निरीक्षणं या बाईंच्या अकरा वर्षांच्या वहीतली आहेत, माझं स्वतःचं त्यातलं एकही नाही, असं म्हणाला. आवाज चिरकला त्याचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते त्यांनाही नीट कळलं नसावं. पुढच्या रविवारी पुरवणीच्या कोपऱ्यात चार ओळींची दुरुस्ती आली. नवऱ्याने ती कापून ठेवली. त्या तरुणाने ग्रुप सोडला, त्यानंतर आमचं बोलणं नाही. त्याच्याबद्दल मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

निघताना ट्यूब त्याने टेबलावरच सोडलेली. मी ती पर्समध्ये घातली. घरी येऊन राणीला टाचणी लावली, पाय एकेक करून सरळ केले. फार हलकी झालेली. बाकीच्या तिघींना तोवर पिल्लं झालेली, त्यातलं एक ट्यूबच्या काचेवर फिरत होतं. खोक्यात ठेवायच्या नमुन्याला चिठ्ठी लावावी लागते: कुठे मिळाली, कधी मिळाली, कुणी पकडली, कुणी ओळखली. शीळफाटा लिहिलं. तारीख लिहिली. पकडणाऱ्याच्या जागी त्याचं नाव लिहिलं, कारण पकडली त्यानेच होती. ओळखणाऱ्याच्या जागी माझं लिहायचं होतं. तिथे मी बराच वेळ पेन धरून बसले. मग लिहिलं, आणि खोकं बंद केलं.