छापलेलं मांजर

माझे भावोजी शिक्षण कार्यालयात उपक्रम आखायचे. शाळांमध्ये दर वर्षी काहीतरी नवं सुरू व्हावं आणि ते कागदावर देखणं दिसावं, यासाठी सरकार ज्यांना पगार देतं त्यांतले ते एक. ऑफिसात त्यांना ‘आराखडेसाहेब’ म्हणत. लोक चेष्टेने म्हणत, भावोजींना ती पदवी वाटे. घरातला नळ गळायला लागला तरी आधी उद्दिष्टं, मग टप्पे, मग जबाबदाऱ्या. नळ शेवटी मीच पाना घेऊन आवळायचे.

मी त्यांची मेहुणी. दाताच्या दवाखान्यात मदतनीस आहे. समोरच्याने आ केल्याशिवाय आमचं काम सुरू होत नाही, आणि माझं तोंड तर कायमच उघडं असतं, असं घरच्यांचं म्हणणं. नोकरी लागल्यावर थोडे दिवस म्हणून ताईकडे राहायला आले ती मागच्या खोलीत मुक्कामालाच राहिले. त्यामुळे हे ऐकीव नाही.

भावोजी वाईट असते तर सांगणं सोपं झालं असतं. ते मनापासून राबायचे. गाण्यातून गणित, शाळेची बाग, भिंतीवरचं विज्ञान, असं काय काय त्यांनी काढलं. सगळ्याचे नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी साहित्य कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. भावोजींना दर वेळी वाटायचं, आराखडा उत्तम होता, राबवणारे कमी पडले. मी म्हणायचे, “भावोजी, उंटावरून शेळ्या हाकता तुम्ही. एकदा खाली उतरून शेळीजवळ जा.” ते हसायचे. त्यांना राग यायचा नाही, आणि त्यामुळे बोलून उपयोगही व्हायचा नाही.

ताई पहिलीला शिकवायची. व्हरांड्याच्या टोकाची, पाण्याच्या टाकीला लागून असलेली खोली तिची. तिची एक पद्धत होती. पद्धत म्हणजे सवयच. रोज सकाळी एका मुलाने काल घरी काय झालं ते सांगायचं. ते जसं बोलेल तसंच ताई फळ्यावर लिहायची. “आमच्या मांजराने दूध सांडलं आणि मार मला बसला.” मग ज्याचं वाक्य त्याच्या हातात काठी. तो एकेका शब्दावर काठी ठेवणार आणि सगळा वर्ग वाचणार. आपल्या तोंडचे शब्द फळ्यावर दिसले की पोरं ते वाचल्याशिवाय राहतील का? कुणी लाजलं तर ताई थांबायची. किती थांबायची ते तिलाही सांगता आलं नसतं.

एकदा ती चष्मा घरी विसरली म्हणून भावोजी तो द्यायला शाळेत गेले आणि खिडकीशी उभे राहिले. संध्याकाळी जेवायला बसले, पण घास हातातच. “अगं, वाचतात ती! खरंच वाचतात!” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतकी वर्षं शाळांसाठी राबून त्यांनी मूल वाचताना बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं होतं.

त्या आनंदातच त्यांनी आराखडा करायला घेतला. ‘बोलू तसे वाचू.’ साहेबांनी मंजूर केला, सगळ्या शाळांत राबवायचं ठरलं. आता शिक्षकांना प्रशिक्षण कोण देणार?

“तूच,” भावोजी म्हणाले.

“अहो, आणि माझा वर्ग?”

“बदली शिक्षिका देतो ना. एका वर्षाचा तर प्रश्न आहे. तुझ्या एका खोलीतली मुलं वाचतील, की सगळ्या शाळांतली?”

ताई म्हणाली, “एक मुलगी अजून बोललेली नाही. पाळी आली की नुसती मान हलवते. परवा मात्र ओठ हलले तिचे. मी थांबलेय तिच्यासाठी.”

“बदली बाई थांबतील की!”

मी मध्ये तोंड घातलंच. “भावोजी, पी हळद आणि हो गोरी असं नसतं हे.” त्यांनी मला आराखड्यातलं वेळापत्रक दाखवलं.

चांगली शिकवणारी दिसली की तिला वर्गातून उचलायची आणि इतरांना शिकवायला लावायची, ही त्या ऑफिसची जुनी रीत. झाड फळं देतंय म्हणून ते उपटून गावभर दाखवत हिंडण्यातला प्रकार. पण तिथे कुणालाच त्यात वावगं दिसत नसे. बढतीच समजायचे ते.

ताई शाळाशाळांतून हिंडू लागली. सभागृहात खुर्च्यांवर शिक्षक बसायचे आणि विचारायचे, “मूल बोललंच नाही तर?” ताई म्हणायची, “थांबायचं.” “किती मिनिटं?” यावर ती अडायची. मग भावोजींनी पुस्तिकेतच लिहून टाकलं: तीन मिनिटं. पुढे दुसरी अडचण निघाली. मुलं काय वाटेल ते बोलतात. एकीने बापाचं दारूचं सांगितलं, एकाने शेजारणीचं भांडण. मुख्याध्यापक घाबरले. म्हणाले, वाक्यं तुम्हीच ठरवून द्या. भावोजींनी ताईच्याच मुलांची निवडक वाक्यं तक्त्यांवर छापली, रंगीत चित्रांसकट. मांजराचं पहिलं. मार बसल्याचा भाग तेवढा काढला, तो बरा दिसत नव्हता.

मग एकदा दोघं मिळून एका शाळेत पाहणीला गेली. सगळा वर्ग एका सुरात ओरडत होता, “मांजराने दूध सांडले!” ताईने पुढच्या बाकावरच्या मुलाला विचारलं, “तुमच्याकडे मांजर आहे का रे?”

“नाही बाई.”

“मग हे कुणाचं मांजर?”

पोराने जरा विचार केला. “तपासणीचं.”

घरी येऊन हे मला भावोजींनीच सांगितलं. सांगताना ते हसले आणि मध्येच थांबले. ताई चपला न काढता दारातच उभी होती. “मला माझा वर्ग परत द्या,” एवढंच म्हणाली.

भावोजींनी खटपट केली, हे कबूल करायलाच हवं. पण घोडं त्यांच्याच आराखड्यात अडलं. त्यात ‘तज्ज्ञ मार्गदर्शक’ असं पद होतं, त्या पदावर ताई होती, आणि साहेब म्हणत, तिला सोडलं तर उपक्रम चालणार कसा? एका वर्षाची तीन झाली. मग साहेब बदलले. नव्या साहेबांना संगणक हवा होता. मांजराचे तक्ते कपाटात गेले आणि ताईला पहिलीचा वर्ग मिळाला.

वर्गावर जायच्या आदल्या संध्याकाळी तिने खडू, डस्टर, पाण्याची बाटली सगळं पिशवीत भरून दाराशी ठेवलं होतं. भावोजी त्या पिशवीकडे पाहून लहान पोरासारखे खूश झाले होते. त्या न बोलणाऱ्या मुलीचं कुटुंब मधल्या काळात दुसरीकडे निघून गेलं होतं. ती पुढे बोलली का, शाळेत कुणालाच माहीत नव्हतं.

पहिल्या आठवड्यात ताई काही बोलली नाही. मला वाटलं, दमत असेल. शेवटी एकदा जेवताना तिने स्वतःच सांगितलं.

“आज एक मुलगा सांगत होता, काल त्याच्या आजोबांना दवाखान्यात नेलं आणि परत आणलंच नाही. मी म्हटलं, ‘छान! आता आपण हे वाक्य फळ्यावर लिहू या.’”

भावोजींनी पोळीचा तुकडा ताटात परत ठेवला.

“छान म्हटलं मी,” ताई म्हणाली. “तीन वर्षं पायऱ्या सांगत हिंडले. ऐका, कौतुक करा, लिहा. आता मूल तोंड उघडतं आणि मला पुढची पायरी दिसते. ते काय बोललं ते मागाहून कळतं.”

“सवय आहे, सुटेल,” भावोजी म्हणाले. “थोडे दिवस जाऊ दे.”

तिने ते वर्ष नेटाने काढलं. मुलं वाचायला शिकली, इतर वर्गांत शिकतात तशी. सकाळचं बोलणं तिने आपणच बंद केलं. आणि सुट्टी लागल्यावर नवऱ्याला विचारलं, “ऑफिसात मला एखादं टेबल मिळेल का?”

भावोजींचा चेहराच उतरला. “अगं, वर्गासाठी किती झुरलीस तू! अजून एक वर्ष बघ. येईल परत.”

“मी बघेन हो,” ताई म्हणाली. “पण पोरांना पहिली एकदाच मिळते.”

यावर कुठला आराखडा होणार? भावोजींनी स्वतः शब्द टाकला आणि तिला पाठ्यपुस्तकं वाटण्याच्या विभागात जागा मिळाली. तिचं काम चोख आहे, सगळे नाव काढतात. भावोजी आता निवृत्त झाले आहेत.

परवा ताई कामावर गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, “तिने मला एकदाही दोष दिला नाही गं. दिला असता तर बरं वाटलं असतं.”

मी भांडी घासत होते. म्हटलं, “मी देते की, भावोजी. माझ्याकडे भरपूर आहे.”

ते खरंच वाट बघत उभे राहिले. मी नळ बंद केला, त्यांच्याकडे वळले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला काही बोलता आलं नाही.